लेक्तिओ दिविना शिकायची आहे. रोज किती अध्याय घ्यावेत?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: रोज किती अध्याय, सुरुवात कुठल्या पुस्तकापासून, आणि मन भटकलं तर काय. त्यातलं ‘किती अध्याय’ वाचलं आणि मला राहवेना. लेक्तिओ दिविना म्हणजे बायबलचं सावकाश, प्रार्थनेसह केलेलं वाचन. त्यात अध्याय नाही. पाच-सहा वचनं, म्हणजे अध्यायातल्या क्रमांक दिलेल्या ओळी. कधी एकच.

हा मोजणीचा नाद मी तीन वर्षं केला आहे. दादाने मला तक्ता दिला होता. आमच्याकडच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय, म्हणजे वर्षात संपवायचं तर रोज तीन-चार. वाचायचं, खूण करायची, झोपायचं. रात्री दादा विचारायचा, आज काय वाचलंस? मला सगळं सांगता यायचं. कोण कोणाचा मुलगा, कोणत्या राजानंतर कोण. मला त्याचा अभिमान होता.

मग बाबा आजारी पडले. मी पोहोचले तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते. दाराशी पिशवी ठेवली आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाला, “या, पाहुण्या आल्या.” बाबा गेल्यानंतर मी दादाशी बोलणं सोडलं. दोन वर्षं. तक्ता मात्र चालू होता, त्याचाही आणि माझाही.

एका मैत्रिणीच्या आग्रहाने मी तीन दिवसांच्या मौन रिट्रीटला गेले. मी कॅथलिक नाही, थोडी बिचकतच गेले. तिथल्या सिस्टरनी आम्हाला मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय दिला. कारण असं की बाराव्या शतकात ज्यांनी या वाचनाच्या चार पायऱ्या मांडल्या, ते कार्थुसियन या कॅथलिक संन्यासी संघाचे मठाधिपती दुसरे ग्विगो, त्यांनी उदाहरणाला याच अध्यायातलं वचन घेतलं होतं: जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, कारण ते देवाला पाहतील. वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवासमोर नुसतं असणं, या त्या चार पायऱ्या. ग्विगो म्हणतात, वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थनेने त्याची चव लागते, आणि चौथी पायरी म्हणजे तो गोडवाच. बाकी माहिती तुम्हाला कुठेही मिळेल.

तिसऱ्या दिवशी माझ्या वाट्याला २३ आणि २४ ही दोन वचनं आली. वेदीजवळ दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. दोन्ही वर्षं मी या अध्यायापुढे खूण केली होती. सिस्टरनी सांगितलं होतं, हळू आवाजात वाचा, ओठ हलू द्या, जिथे शब्द अडेल तिथे थांबा. चौथ्यांदा वाचताना मी अडले. ‘भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध.’ मी इतकी वर्षं ते उलटं वाचत होते. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं. तसं ते नाहीच. माझ्या मनात काय आहे हे तिथे कुणी विचारलेलंच नाही. दादाच्या मनात काय असेल? पंधरा रात्री त्याने एकट्याने काढल्या होत्या. दोन वर्षांत हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. मी त्याचं एक वाक्य तेवढं धरून बसले होते.

त्यानंतर प्रार्थना कशी करायची हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. अर्धा तास रडले. घरी न जाता थेट दादाकडे गेले.

दादा बोलू लागला. पण हे कसं घडलं ते सांगितल्यावर म्हणाला, “अगं, वचनाचा अभ्यास करायचा असतो. त्यात स्वतःला शोधायचं नसतं. हे मठातलं, भावनेचं वाचन.” यावरून आमचा वाद आजही चालू आहे, म्हणून इथेच लिहिते. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमात अठ्ठेचाळिसावं प्रकरण बघा. कामाचे तास आणि या वाचनाचे तास शेजारी-शेजारी नेमून दिले आहेत. दुपारच्या विश्रांतीत कुणाला वाचायचं असेल तर इतरांना त्रास होणार नाही असं वाचावं, असंही आहे, कारण वाचन म्हणजे तेव्हा बहुधा आवाज. भावना उचंबळली की बसणाऱ्यांची ही शिस्त नव्हे. रोज ठरल्या वेळी बसणाऱ्यांची आहे. आणि मी वचनात स्वतःला शोधायला गेलेच नव्हते. मला तिथे दादा दिसला.

तुमचं उरलेलं. सुरुवात शुभवर्तमानापासून करा, मार्क १०:४६ पासूनचा आंधळा बार्तिमय चांगला आहे. तो अंगावरचं वस्त्र टाकून उठतो, तिथे थांबून बघा. वीस मिनिटं पुरतात. प्रत्येक पायरीला घड्याळ लावून पाच-पाच मिनिटं वाटून देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. मी ते एका गटात करून पाहिलं; घंटा वाजली की प्रार्थना अर्ध्यावर तुटायची. मन भटकलं तर ते वचन पुन्हा मोठ्याने वाचा, आणि ज्या गोष्टीकडे मन तीनदा गेलं तीच प्रार्थनेत आणा. बहुतेक वेळा तेच काम असतं. चौथ्या पायरीवर काही जाणवलं नाही तरी उठू नका, थोडं बसा. मला वर्षभर काही जाणवत नव्हतं.

दादाची एक गोष्ट मात्र मला मान्य आहे, ती आधीच सांगायला हवी होती. वचनाआधी अख्खा अध्याय एकदा वाचा, नाहीतर कुठल्याही ओळीतून आपल्याला हवं तेच ऐकू येतं. आणि नोकरी सोडणं, लग्न मोडणं असलं काही त्या वीस मिनिटांत ‘ऐकू आलं’ तर त्याच दिवशी निर्णय घेऊ नका, जाणत्या पाळकांशी किंवा फादरांशी बोला. मी दादाकडे लगेच गेले, पण मला तिथे फक्त माफी मागायची होती.