नववीच्या गणिताची सरासरी उतरली म्हणजे नेमके काय उतरले?

मॅडम, आपल्या नववीच्या वर्गाची गणिताची सरासरी एफए-१ (पहिली आकारिक चाचणी) पेक्षा एसए-१ (पहिली संकलित, म्हणजे सहामाही परीक्षा) मध्ये उतरली आणि हेडमास्तरांनी लेखी खुलासा मागितला, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते हे दोन आकडे शेजारी ठेवण्यातच घोटाळा आहे. एफए नुकत्याच शिकवून झालेल्या भागावर असते. एसए-१ ला मात्र जूनपासूनचा सगळा भाग येतो आणि कोणती रीत कुठे लावायची हेही मुलालाच ठरवावे लागते. शिवाय ३० मुलांच्या वर्गात पाच जणांचे प्रत्येकी १८ गुण कमी झाले, तरी सरासरी ३ ने खाली येते आणि उरलेली २५ मुले होती तिथेच असतात.

म्हणून उत्तरपत्रिका पुन्हा काढा. मोठ्या कागदावर डावीकडे मुलांची नावे आणि वर प्रश्नांचे क्रमांक मांडून प्रत्येक चौकटीत गुणांऐवजी तीनच खुणा करा: बरोबर, चुकले, सोडून दिले. एका रकान्यात निम्मा वर्ग अडलेला दिसला, तर ते प्रकरण पुन्हा शिकवायला हवे. एकाच मुलाची ओळ कोरी असेल, तर त्याला जवळ बसवून विचारायला हवे. शाब्दिक उदाहरण सोडून देणाऱ्या मुलाला तेच समीकरण फळ्यावर तयार मांडून द्या. त्याने ते सोडवले, तर अडचण बहुधा वाचनाची किंवा शब्दांतून समीकरण मांडण्याची आहे आणि तिथे मराठीच्या शिक्षकांची मदत घ्यावी लागेल.

या तक्त्याशेजारी हजेरीपट अवश्य ठेवा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, शाळा सुरू होते न होते तोच मुसळधार पाऊस आणि भाताची रोप लावणी एकदमच येतात, आणि त्या दिवसांत बुडालेले 'संख्या पद्धती' हे प्रकरण पुढे 'बहुपदी'च्या वेळी मुलाला अडवते. (हे दरवर्षीचेच आहे, तरी वार्षिक नियोजनात त्याला जागा नसते.) अशा मुलापुढे 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा लिहिणे मला अन्यायाचे वाटते.

खुलाशात सरासरीचे समर्थन करू नका. तक्ता जोडा आणि कोणते प्रकरण कोणत्या मुलांना पुन्हा शिकवणार, एवढेच लिहा. दसऱ्याच्या सुट्टीनंतर त्याच धर्तीचे पाच-सहा प्रश्न आकडे बदलून द्या आणि नव्या खुणा जुन्या तक्त्यावरच वेगळ्या शाईने करा.