तळघरातली ओल काही जाईना!

प्रश्न: नमस्कार दादा, आमचं साताऱ्यातलं घर पणजोबांच्या काळातलं, काळा दगड आणि चुन्यातलं बांधकाम. खाली तळघर आहे, पूर्वी तिथे धान्य असायचं, आजी म्हणते तेव्हा खाली ठणठणीत कोरडं असायचं. ३ वर्षांपूर्वी आम्ही आतून सिमेंटचं प्लास्टर करून वर वॉटरप्रूफ पेंट मारला, तर आता सगळे पोपडे सुटलेत, पांढरी बुरशी आलीये आणि आषाढात रस्त्याकडच्या भिंतीतून पाणी झिरपायला लागतं ते पार नवरात्रापर्यंत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो परत तोडून आतून केमिकल कोटिंग करू, गॅरंटी देतो. करावं का?

उत्तर: नका करू, निदान यंदा तरी नको. ती पांढरी बहुतेक बुरशी नाही, लोणा आहे, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेले क्षार, थेंबभर पाणी टाकून बघा, विरघळला तर लोणाच. चुन्याची भिंत ओल घेते आणि सुकताना सोडूनही देते, तुम्ही तिच्या तोंडावर सिमेंट आणि पेंट थापलात, मग पाणी मागे अडलं, त्यातले क्षार प्लास्टरच्या पाठीशी साठून फुगले आणि त्यांनीच पोपडे ढकलले. आतून नवं केमिकल मारलं तरी पाणी बाहेरून येतच राहणार ना!

मला तर आजींचं बोलणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तेव्हा कोरडं होतं, मग मधे बदललं काय? आपल्याकडे रस्ता उखडत नाहीत, जुन्यावरच नवा थर टाकतात, त्यामुळे जुन्या घरांची जोती खाली जातात. तुमच्या दारच्या किती पायऱ्या रस्त्यात गेल्या ते आजींना विचाराच. दुसरं म्हणजे पागोळ्या आणि पन्हळीचं पाणी कुठे पडतं ते भर पावसात छत्री घेऊन उभं राहून बघा. १००० चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर साधारण ९३०० लिटर पाणी होतं, म्हणजे जवळजवळ एक टँकर, आणि तो भिंतीच्या पायाशी रिकामा होत असेल तर भिंत तरी काय करणार? पाइप लावून ते ५-६ फूट लांब काढा, आणि भिंतीलगतच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, १० फुटांना अर्धा फूट पुरे. रस्त्याकडे जागाच नसेल तर भिंतीलगत चर काढून पाणी गटारात सोडावं लागेल, पण अख्खी भिंत एकदम उघडी करायची नाही, ४-५ फुटांचे टप्पे करून आणि जाणकाराला दाखवूनच.

हे झालं की दिवाळीनंतर सिमेंट हलक्या हाताने काढून घ्या, सांधे खरवडून चुना-सुरखीने (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) दरजा भरा, आठवडाभर तरी ओलं ठेवा. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला वेळ लागेल, पण "सिमेंटच घालू थोडं" म्हणणारा नको.

आणि हो, पावसाळ्यात तळघराची खिडकी उघडी ठेवता का? बाहेरची दमट हवा गार दगडावर थेंब धरते आणि आपण म्हणतो गळतंय! भिंतीवर दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि २ दिवसांनी बघा, पाणी खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला असेल तर पाझर.

एवढं करूनही जमिनीतून पाणी आलंच तर कोपऱ्यात दीड-दोन फुटांचा खड्डा करून पाणी चढलं की आपोआप चालू होणारा फ्लोटवाला छोटा पंप बसवा, फक्त तो इन्व्हर्टरवर घ्या, कारण नेमकी धो-धो पावसातच लाइट जाते.