चांगल्या कापडाला हात लावायची भीती

"मॅडम, चुकेल म्हणून सुरूच करवत नाही." सांगलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या कामात हे वाक्य फार वेळा कानावर येतं. म्हणून एका ताईंचा अनुभव त्यांच्या परवानगीनं, ओळख बदलून सांगते.

ताई निवृत्त शिक्षिका. आईच्या वाकळा बघत वाढलेल्या, हातचा धावदोरा सुरेख. आता मशीनवर फ्री-मोशन क्विल्टिंग, म्हणजे गोधडीचे थर मोकळ्या हातानं नक्षीत शिवणं, शिकत होत्या. यात मशीनचे कापड पुढं सरकवणारे दात खाली करून डार्निंग फूट, म्हणजे कापड मोकळं फिरू देणारा पाय, लावतात आणि कापड आपणच दोन्ही हातांनी फिरवायचं असतं. टाका लहान पडणार की मोठा, हे हाताच्या आणि मोटरच्या वेगाच्या मेळावर ठरतं. नागमोडी रेषा, वेटोळी, पानं असं सगळं चिंध्यांवर छान जमत होतं. नातीची गोधडी मात्र थर जोडून कपाटात पडून होती.

"चिंधीवर हात सुटतो. गोधडी काढली की खांदे ताठ होतात."

"एक वेटोळं चुकलं तर?"

"उसवेन."

"आणि नाही उसवलं तर?"

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "बाईंना जमलं नाही, असं कायम दिसत राहील."

जन्मभर मुलांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईनं दाखवल्या, आता स्वतःची चूक उघड्यावर राहणं त्यांना सोसत नव्हतं. भीती समजुतीनं जात नाही, बेताबेतानं तिच्यासमोर थांबलं की ओसरते, असं मी मानते. चिंधी फेकूनच द्यायची असते, त्यामुळे तिथं भीती उगवतच नाही. मग ती कमी कुठून होणार? अशा माणसाला "अजून सराव करा" म्हणू नये. सराव हीच त्याची पळवाट झालेली असते.

मी सांगितलं, गरम भांडं धरायचं वीतभर पॅड शिवा. आत सुती थरच घाला, पॉलिस्टर उष्णतेनं वितळतं. नक्षी एकच. आधी ती कागदावर पेन्सिल न उचलता गिरवा. पॅड घरात वापरायचं आणि काही झालं तरी उसवायचं नाही.

पुढच्या भेटीत पॅड आलं. मागच्या बाजूला वळणावळणावर वरचा दोरा ओढला गेला होता. वळणावर हात नकळत भरभर फिरतो, तेव्हा असं होतं.

"ते दिसल्यावर काय केलंत?"

"उसवायला हात गेला, छातीत धडधडलं. तशीच बसून राहिले. मग पुढचं वळण सावकाश घेतलं. मिस्टरांनी त्यानंच दुधाचं पातेलं उतरवलं, त्यांच्या लक्षातही आलं नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला दिसतंय की! पण चालतंय."

मला हेच ऐकायचं होतं. इतरांच्या लक्षात आलं नाही यावर जो दिलासा टिकतो, तो कुणीतरी बोट दाखवताच संपतो. चूक स्वतःला दिसत असूनही ताई पुढं शिवत राहिल्या, याचं मला फार मोल वाटलं. त्यांना इथवर आणता आलं, याचं समाधानही आहे.

नंतर त्यांनी उशीचा अभ्रा केला आणि मग गोधडी काढली. थर सरकू नयेत म्हणून ती मधून बाहेर शिवत जायची असते, त्यामुळे पहिलीच नक्षी सगळ्यांच्या नजरेत येते. ती त्यांनी शिवली. तुमचंही काही असंच अडलं असेल, तर या आठवड्यात त्यातलं वापरात येईल असं एक छोटं काम पूर्ण करा आणि ते दुरुस्त न करता वापरायला काढा.