ऑरोरा या जुन्या अमेरिकन कंपनीच्या 'क्रीचर' (सिनेमातला राक्षस) या जोडायच्या प्लॅस्टिक मॉडेल किटचे काही तुकडे हिरव्याऐवजी निळसर आहेत आणि तळावर रेषा आहेत. विक्रेता 'फॅक्टरी व्हेरिएशन', म्हणजे कारखान्यातच झालेला फरक, म्हणून दुप्पट भाव सांगतो. द्यावा का?

रेषा बहुधा खऱ्या असतील, पण त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजण्यासारखे काही नाही. निळसर तुकड्यांचा मात्र आधी तपास करा, भावाचे मग बघू.

यात रंग शेवटी बघायचा. पहिला प्रश्न हा, की तो रंग इंजेक्शन मशीनमधून तसा बाहेर पडू शकतो का. ऑरोराची ही किटे पॉलिस्टायरीनची. प्लॅस्टिकचा दाणा मशीनच्या बॅरलमध्ये (तापत्या नळीत) वितळतो, नोझलमधून साच्यात जातो आणि रनरच्या, म्हणजे तुकड्यांना जोडणाऱ्या चौकटीच्या, वाटेने सगळ्या तुकड्यांत एकाच वेळी भरतो. त्यामुळे एका रनरवरचे सगळे तुकडे एकाच शॉटचे (साच्याच्या एका भरणीचे) आणि एकाच मालाचे असतात. डावा हात हिरवा आणि त्याच रनरवरचा उजवा निळा, असे मशीन करत नाही. छटा बदललीच तर अख्ख्या रनरची बदलते. म्हणून न जोडलेल्या किटच्या रनरचे फोटो मिळवा आणि तुमचे निळसर तुकडे एकाच रनरवर बसतात का ते जुळवून पाहा. बसत असतील तर दुसऱ्या पाळीचा रनर त्या खोक्यात गेला असण्याची शक्यता आहे. ते तुकडे दोन-तीन रनरवर विखुरलेले निघाले तर बहुतेक वेळा दोन किटे मोडून एक केलेले असते. जोडलेल्या आणि पुन्हा सोडवलेल्या किटांत हे सर्रास चालते.

आता रेषा. पाळीत रंग बदलताना बॅरलमध्ये आधीचा माल उरतो आणि तो पूर्ण निघेपर्यंतचे शॉट मिश्र येतात. गडद रंगावरून फिक्यावर यायला सर्वांत जास्त माल वाया जातो, म्हणून शक्यतो फिक्याकडून गडदकडे जातात. भोसरीतल्या मोल्डिंगवाल्याला विचारा, आजही तो हेच सांगेल. हे मिश्र शॉट भंगारात जायला हवेत, पण त्या काळी 98 सेंटला विकल्या जाणाऱ्या खेळण्याच्या किटमध्ये मुलगा रंग देणारच आहे, तेव्हा थोडी रेष कोण बघतो! अशी खरी रेष गेटपासून सुरू होते, प्रवाहाच्या दिशेने पसरते आणि पातळ टोकाकडे पुसट होते. तीच रेष तुकड्याच्या आतल्या बाजूलाही दिसते. गेट म्हणजे तुकडा रनरला जोडलेला होता ती जागा. कापल्याची खूण तिथे असतेच.

शिवाय प्लॅस्टिकमध्ये धातूची चमकी असेल, तर तिचे कण प्रवाहाबरोबर वळतात. छिद्राभोवती किंवा दोन प्रवाह जिथे भेटतात तिथे गडद रेघ उमटते. ती त्या मालाच्या प्रत्येक तुकड्यावर येते, त्यामुळे ती दुर्मीळ नव्हेच.

रंग नंतर बदललेला असेल तर तो पकडायच्या जागा वेगळ्या. 10 पट भिंग आणि नवे पाते घ्या. धडाच्या आतल्या बाजूला किंवा गेटच्या खुणेवर, बाहेरून दिसणार नाही अशा ठिकाणी, पाव मिलिमीटर खरवडा. आतून-बाहेरून एकच रंग असेल तर तो मालाचाच. बाहेर निळा आणि आत फिका हिरवा दिसला तर तुकडा रंगात बुडवलेला. पॉलिस्टरसाठीचा डिस्पर्स रंग गरम पाण्यात पॉलिस्टायरीनलाही लागतो, पण वरच्या थरापुरताच. पॉलिस्टायरीन 100 अंशांच्या जरा खालीच मऊ पडते, म्हणून असे तुकडे कधी किंचित पिळवटलेले असतात आणि जोडाच्या कडा नीट बसत नाहीत. ही खूण फोटोतही कळते.

उन्हाने उडालेला रंग याच्या उलट वागतो: बाहेर फिका, पोकळीच्या आत मूळचा. त्यातही एकच बाजू फिकी असेल तर किट खिडकीत उभे होते म्हणायला हरकत नाही. वर दिलेला जुना एनॅमल रंग काढून टाकलेले तुकडे तिसऱ्या प्रकारचे. लाल आणि तपकिरी रंग पॉलिस्टायरीनमध्ये थोडा मुरतो, म्हणून हिरवे प्लॅस्टिक मळकट दिसते. खोलगट भागांत, बोटांच्या बेचक्यांत आणि खवल्यांच्या फटींत, रंगाचे कण शोधा. पिवळेपणा घालवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड लावलेले तुकडेही 'फिकी छटा' म्हणून विकले जातात. त्यांच्यावर ढगाळ डाग राहतात.

तुकडा रेझिनची (पॉलियुरेथेनची) नक्कल असल्याचा संशय असेल तर आतल्या बाजूला मॉडेल जोडायच्या पातळ सिमेंटचा एक थेंब टाका. पॉलिस्टायरीन लगेच मऊ आणि चिकट होते, पॉलियुरेथेनवर काही होत नाही. पाण्यात बुडवून बघायचा सल्ला मिळेल, तो सोडा, दोन्ही बुडतात. अ‍ॅसिटोन तर अजिबात नको, तुकडाच जाईल.

विचित्र जोडीचे आणखी एक साधे कारण अंधारात चमकणारी किटे. 1969 मध्ये 'फ्रायटनिंग लाइटनिंग' आणि नंतर 'ग्लोज इन द डार्क' अशा मालिका आल्या. त्यांतले चमकणारे तुकडे दिवसा पिवळट-हिरवट पांढरे दिसतात. ते साध्या किटला लावले की 'दुरंगी' किट तयार होते. अंधारात टॉर्च मारून पाहा. त्या काळच्या झिंक सल्फाइडची चमक लवकर मंदावते. तासन् तास चमकत राहिले तर ती स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटची, म्हणजे नव्वदच्या दशकानंतरची. झिंक सल्फाइड ओल आणि अतिनील किरणांनी काळवंडते, म्हणून करडा पडलेला हातही आधी तपासा, लगेच नवी छटा समजू नका.

छटेवरून साल ठरवणेही धोक्याचे. 'क्रीचर' 1963 मध्ये आला, तरी 1977 मध्ये मोनोग्राम या दुसऱ्या मॉडेल कंपनीने ऑरोराचे साचे घेतले आणि त्यांतल्या काहींवर पुन्हा उत्पादन झाले. साचा तोच, माल वेगळा. तुकड्यावर कोरलेले नाव आणि साल वाचा, सूचनापत्रकाचा कागद आणि खोक्यावरचे नाव त्याच्याशी ताडून पाहा. नुसते खोके जुने असण्याला अर्थ नाही, खोकी सहज बदलतात.

माझ्या मते छटेसाठी साध्या भावावर फार तर दहा-पंधरा टक्के द्यावे, तेही रनरला लागलेल्या, न कापलेल्या तुकड्यांना. जोडलेल्या किटला काहीच जास्त देऊ नये. तुकडे पूर्ण असणे, सूचनापत्रक आणि खोक्याचे कोपरे यांना पुढे गिऱ्हाईक मिळते. निळसर तुकड्यांना क्वचित.

विक्रेत्याकडून चार फोटो मागा: धडाच्या आतला, गेटच्या खुणेचा जवळून, सगळे तुकडे पांढऱ्या कागदावर दिवसाच्या उजेडात, आणि त्याच चौकटीत दुसऱ्या एखाद्या साध्या हिरव्या किटचा तुकडा. शेवटचा विसरू नका. फोनचा कॅमेरा पिवळ्या दिव्याखाली स्वतःच रंग दुरुस्त करतो आणि हिरव्याचे निळे तिथेच होते.