सेलेनियम घालूनही सॅडने रचना का सुटत नाही?

सॅड म्हणजे एकाच तरंगलांबीच्या क्ष-किरणांवर, जड अणूच्या वेगळ्या (ॲनॉमलस) विखुरण्याच्या आधारे प्रथिनाची रचना सोडवायची पद्धत. प्रश्न असा आहे : ३०० अमिनो आम्लांचं प्रथिन, त्यात सहा मेथिओनिन, सेलेनोमेथिओनिनचे (मेथिओनिनच्या सल्फरजागी सेलेनियम घातलेले) स्फटिक २.३ अँगस्ट्रॉमपर्यंतचा तपशील देतात, तरी शेलएक्स-डी या जड अणू शोधणाऱ्या प्रोग्रॅमला सेलेनियमच्या जागा सापडत नाहीत. दुसरं सॉफ्टवेअर वापरावं का?

माझ्या मते नाही. आधी सिग्नल किती असायला हवा ते काढा. हायड्रोजन सोडून तुमच्या प्रथिनात साधारण २३५० अणू असतील. ६ भागिले २३५० याचं वर्गमूळ घ्या, २ च्या वर्गमूळाने गुणा, मग एफ-डबल-प्राइमने (जड अणू किरण किती शोषतो त्याचं माप) गुणून ६.७ ने (प्रथिनातल्या अणूमागचे सरासरी इलेक्ट्रॉन) भागा. शोषणाच्या शिखरावर एफ-डबल-प्राइम ६ इलेक्ट्रॉन धरला तर फ्रीडेल जोडीच्या (नेमक्या उलट दिशांच्या दोन ठिपक्यांच्या) ॲम्प्लिट्यूडमध्ये सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास फरक येतो. एजच्या, म्हणजे शोषण एकदम वाढतं त्या ऊर्जेच्या, खाली घसरलात तर एफ-डबल-प्राइम ०.५ इलेक्ट्रॉन, म्हणजे फरक जेमतेम अर्धा टक्का! म्हणून एजसाठी तक्त्यातल्या १२,६५८ इलेक्ट्रॉनव्होल्टवर विसंबू नका, बीमलाइनवर (सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरण केंद्रावर) प्रत्येक वेळी फ्लुओरेसन्स स्कॅन घेऊन एज प्रत्यक्ष कुठे आहे ते पाहा. सेलेनियम खरोखर बसलंय का, हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने आधीच तपासलेलं बरं. दर मेथिओनिनमागे वजन ४७ डाल्टनने वाढतं. पहिलं मेथिओनिन बहुधा कापलं जातं किंवा हलतं राहतं, तेव्हा रेणूमागे पाचच जागा धरा. स्फटिकाच्या एका असममित एककात (सममितीने पुन्हा पुन्हा येणाऱ्या मूळ भागात) रेणू दोन असतील तर दहा.

खरी गफलत बहुतेकदा मोजणीत होते. सुंदर, ठळक ठिपके मिळावेत म्हणून लोक जास्त एक्स्पोजर देतात, आणि जोडीतला दुसरा ठिपका मोजेपर्यंत स्फटिक बिघडलेला असतो. सेलेनियम-कार्बन बंध लवकर तुटतात. स्फटिकाने शोषलेल्या किरणांच्या एकूण डोसची ३० मेगाग्रे ही मर्यादा नेहमी सांगितली जाते, पण सॅडसाठी तिच्या बरंच खाली राहा. एक्स्पोजर कमी ठेवून ३६० अंश फिरवा, जमल्यास स्फटिकाची दिशा बदलून पुन्हा ३६०. एक्सडीएस या डेटा-प्रक्रियेच्या प्रोग्रॅममध्ये ‘फ्रीडेल्स लॉ’ फॉल्स केलंय ना, तेही पाहा. ते ट्रू राहिलं तर जोड्या एकत्र होतात आणि सिग्नल हातानेच पुसला जातो.

आता शेलएक्स-डी. २.३ पर्यंतचा सगळा डेटा त्याला देऊ नका. ॲनॉमलस सीसी (डेटाच्या दोन अर्ध्यांत सिग्नल किती जुळतो त्याचं माप) ३० टक्क्यांखाली जातो तिथे कापा. ही हद्द डिफ्रॅक्शनच्या हद्दीपेक्षा अर्धा अँगस्ट्रॉम किंवा जास्त अलीकडे असते. २.८ ते ३.६ मध्ये ०.२ च्या पायऱ्यांनी, दर वेळी काही हजार प्रयत्न चालवा. उत्तर डेटाशी किती जुळतं ते सांगणारे आकडे, म्हणजे सीसी-ऑल (सगळ्या डेटासाठी) ३० च्या वर, सीसी-वीक (दुबळ्या डेटासाठी) १५ च्या वर आणि ते उत्तर बाकीच्या घोळक्यापासून सुटं दिसत असेल, तर आशा धरा. ऑक्युपन्सी (जागा किती भरलेली आहे ते) १.००, ०.९३, ०.८८, ०.८१, ०.६२ आणि मग एकदम ०.१९ अशी उतरली, तर पाच जागा खऱ्या.

पुढे फेजेस काढून नकाशा देणारा शेलएक्स-ई दोन्ही हातांनी, म्हणजे जागांची मूळ आणि आरशातली अशी दोन्ही मांडणी घेऊन, चालवा. स्पेस ग्रुप (स्फटिकाच्या सममितीचा प्रकार) पी४१ असेल तर उलट्या हातासाठी पी४३ होतो. सॅडमध्ये हात चुकला तर डावखुरी हेलिक्स दिसेल असं समजू नका, तिथे नकाशात नुसता चिखल दिसतो.

नुसत्या सल्फरवर भागवायचं असेल, तर दहा सल्फरना तांब्याच्या किरणांवर फरक पाऊण टक्क्याच्या आसपास येतो. क्रॅम्बिन १९८१ मध्ये असंच सोडवलं होतं, पण ते लहानसं प्रथिन आणि त्याचा डेटा अतिशय सूक्ष्म होता. तुमच्यासाठी त्यापेक्षा अल्फाफोल्डने (रचनेचा अंदाज बांधणाऱ्या एआयने) दिलेलं मॉडेल बरं. ते रेणू प्रतिस्थापनाने (मॉलेक्युलर रिप्लेसमेंट, म्हणजे तयार मॉडेल स्फटिकात बसवून) बसलं तर त्याच्या फेजेस (ठिपक्यांच्या लहरींच्या कला) घेऊन ॲनॉमलस डिफरन्स फूरिए नकाशा, म्हणजे जड अणू कुठे आहेत ते दाखवणारा नकाशा, काढा. मेथिओनिनच्या सल्फरच्या जागी ५ सिग्माच्या वर शिखरं दिसली, तर सिग्नल तुमच्या डेटात आहे आणि अडलंय ते फक्त शोधात. शिखरंच नसतील तर नवा स्फटिक घ्या.