लाकडी घाण्याचं तेल एकदा नेलेलं गिऱ्हाईक परत का येत नाही?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण हेच सगळं माझ्यासोबत झालेलं आहे. तुम्हाला सेलूला लाकडी घाणा टाकून आठ महिने झाले, पहिले दोन महिने गर्दी होती, आता दिवसाला चार-दोन माणसं यायलेत, बोर्ड लावला, इन्स्टाग्रामवर रील टाकल्या, पेपरात पॅम्प्लेट घालून वाटले, आता 10 टक्के डिस्काउंट चालू करू का असं तुम्ही विचारलंय. मी अंबाजोगाईला सात वर्षांपासून घाणा चालवते, करडी, शेंगदाणा, तीळ आणि थोडं खोबरं, तर जे मी करून बघितलं तेच सांगते.

आधी डिस्काउंटचं. नका देऊ. समजा करडी तुम्हाला 60 रुपये किलोनं पडली. करडीत तेल असतं 28 ते 35 टक्के, पण घाण्यात सगळं काही निघत नाही, थोडं पेंडीत राहतंच, म्हणजे लिटरला सव्वातीन-साडेतीन किलो बी जातं, 200 रुपये तर नुसत्या मालाचेच झाले. वरून लाइटबिल, मजुरी, बाटली, लेबल, आणि त्यातून पेंडीचे आलेले पैसे वजा. 260 ला बाटली विकून 40 रुपये हातात राहिले तरी लई झालं. त्यावर 10 टक्के सोडले की 26 रुपये गेले, राहिले 14. तेवढाच पैसा मिळवायला जवळपास तिप्पट तेल विकावं लागंल, आणि ज्यानं एकदा 234 ला नेलं तो पुढच्या वेळी 260 देताना कुरकुर करणारच. शिवाय आपल्या धंद्यात भाव उतरवला की लोकांच्या मनात पहिली शंका हीच येते की आता यात काहीतरी मिसळायलेत.

पहिल्या वर्षी मलापण वाटायचं की लोकांना आपण माहीतच नाहीत, म्हणून मीपण बॅनरवर पैसे घातले. मग दिवाळीनंतर एका दुपारी बिलबुक काढून बसले आणि सुरुवातीला ज्यांनी तेल नेलं होतं त्यांना एकेक करून फोन लावले. विकायचं काहीच बोलले नाही, एवढंच विचारलं की काकू तेल कसं लागलं. पहिल्या दहा-बारा फोनमध्येच सगळं उघडं पडलं. महाग आहे म्हणणारे दोघंच निघाले. एक काकू म्हणाल्या तळताना कढईत फेस आला, भेसळ वाटली म्हणून परत आले नाही. दुसरीच्या बाटलीच्या बुडाशी गाळ बसला होता, तिनं उरलेलं तेल देवाच्या दिव्याला वापरलं. एकीच्या सासूला शेंगदाण्याचा वास सहन होईना. आणि तीन-चार जणी तर म्हणाल्या, अगं तेल चांगलंच होतं की, पण संपलं त्या दिवशी पाहुणे होते, पोराला पाठवून शेजारच्या किराणातून पुडा आणला आणि मग तेच चालू राहिलं.

म्हणजे बघा, यातल्या एकाही बाईला बॅनर दाखवून काही उपयोग नव्हता. त्यांना आपण माहीत होतो, आपलं तेल त्यांच्या घरात जाऊन आलेलं होतं. त्यानंतर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, तिथं मी कमी पडले होते. तुमचंपण तिथंच अडकलंय असं मला वाटतं.

तर आधी फेसाचं आणि गाळाचं मार्गी लावा. घाण्याचं तेल रिफाइंड केलेलं नसतं, त्यात नैसर्गिक चिकट पदार्थ आणि थोडा ओलावा राहतो, म्हणून तापलं की फेस येतो, हे आपल्याला माहीत आहे, पण पंधरा-वीस वर्षं पुड्यातलं तेल वापरलेल्या बाईला कुठून माहीत असणार. म्हणून मी आता पहिली बाटली देतानाच सांगते, की काकू कढईत एकदम ओतू नका, मध्यम गॅसवर तापू द्या, सुरुवातीला फेस येईल, मग बसंल, आणि धूर निघेपर्यंत तापवायचं नाही. तेल काढल्या काढल्या बाटलीत भरणं मी बंद केलं, तीन-चार दिवस टाकीत निवळू देते, मग वरचं गाळून भरते, तरी थोडा साका बसलाच तर तो शेंगदाण्याचाच आहे हे सांगून ठेवते. बाटल्या उन्हात मांडायच्या नाहीत, तुमचं दुकान पश्चिमेला तोंड करून असंल तर दुपारी पडदा लावा. एवढं नुसतं आधी सांगितलं तरी शंका येऊन तुटणारी माणसं तुटायची थांबतात. आणि नवीन माणसाला थेट लिटरभर घ्यायला लावू नका, पाव लिटरची बाटली ठेवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चव पटली तरच पुढचं जमतं. शेंगदाण्याचा वास नको म्हणणाऱ्या त्या काकूंच्या सासूला मी करडीची छोटी बाटली पाठवली, त्या म्हणे भाकरीवर कच्चं तेल आणि तिखट-मीठ घेऊन जेवल्या, लहानपणी त्यांच्याकडं करडीचंच तेल असायचं. ते घर आजपण माझ्याकडंच आहे.

आता वही. साधी दोनशे पानी वही घ्या, मोबाइलमध्ये लिहायचं असंल तर तिथं लिहा, पण लिहा. नाव, गाव किंवा गल्ली, घरात माणसं किती, कोणतं तेल, किती नेलं, तारीख. माझ्या अनुभवात पाच माणसांच्या घरात महिन्याला चार-पाच लिटर जातं, घरी तळण जास्त असंल तर वर. त्या हिशोबानं तेल संपायच्या चार दिवस आधीची तारीख शेवटच्या रकान्यात मांडायची आणि रोज सकाळी घाणा चालू करायच्या आधी त्या दिवसाची नावं बघायची. मग एक फोन किंवा एक मेसेज, की मामी तेल संपत आलं असंल, उद्या शेंगदाणा काढायलोत, ठेवू का बाजूला? बस्स. किराणातला पुडा घरात यायच्या आधी आपला निरोप गेला पाहिजे. सुरुवातीला मला लाजल्यासारखं व्हायचं, वाटायचं लोक म्हणतील ही मागंच लागली, पण बायका उलट खूश होतात, त्यांच्या डोक्यातलं एक काम कमी होतं. दोनदा नको म्हणालेल्या घराला मात्र तिसरा फोन करत नाही, नावापुढं फुली मारते.

वहीचा अजून एक उपयोग मला तिसऱ्या वर्षी कळला. एका व्यापाऱ्याकडून आलेल्या पोत्यात मागच्या सालचे शेंगदाणे मिसळलेले होते, माझ्या लक्षात आलं नाही, घाई होती, आणि ते तेल खवट निघालं. एका वहिनींनी येऊन सांगितलं म्हणून कळलं. वही काढली, त्या दिवशीच्या मालाचं तेल अकरा घरांत गेलं होतं. अकराच्या अकरा घरी मी आणि माझा भाचा स्कूटीवर गेलो, आधी सांगितलं की तेल खराब लागलंय, मग अर्धी झालेली असो की पाव, बाटली परत घेतली आणि भरलेली दिली. त्यातल्या चौघींना तर चव बिघडलेली कळलीपण नव्हती. त्या महिन्यात हाताला काही राहिलं नाही, घरात बोलणी खाल्ली. पण त्या अकरातली नऊ घरं अजून माझी आहेत आणि त्यांनी सांगून आणलेली घरं मी मोजायची सोडून दिली. तेव्हापासून पोतं उघडलं की आधी मूठभर दाणे मी स्वतः चावून बघते आणि आईला देते, तिची जीभ माझ्यापेक्षा पक्की.

खेड्यातल्या गिऱ्हाइकाचं वेगळं असतं. तो स्वतःची करडी नाहीतर शेंगा घेऊन येतो, त्याला गाळून पाहिजे असतं, आणि त्याचं निम्मं लक्ष पेंडीकडं असतं, घरी बैल-म्हशी असतात. त्याची पेंड त्याला मोजून परत द्या, त्याच्यासमोर काट्यावर ठेवून, बी किती आलं, तेल किती निघालं, पेंड किती राहिली हे चिठ्ठीवर लिहून. एक घाणी निघायला पाऊण तास-तास जातो, तेवढा वेळ तो उभा राहिला तर पुढच्या वेळी दुसरीकडं जाणार, म्हणून घाण्याला तोंड करून एक बाकडं टाका, माठ ठेवा, उन्हाळ्यात वर पंखा. आमच्या बाकड्यावर बसून आपलंच बी दळताना बघणारे मामा गावात जाऊन जे सांगतात ते कुठल्या रीलमध्ये येत नाही.

लिटर आणि किलोचा घोळपण आधीच सोडवून टाका. एक लिटर तेलाचं वजन 910-920 ग्रॅमच भरतं. 15 किलोचा डबा आणि 15 लिटरचा डबा यात सव्वा किलोच्या आसपास फरक पडतो आणि भाव सांगताना बरेच जण हे गुलदस्त्यात ठेवतात. मी भिंतीवर मोठ्या अक्षरात दोन्ही भाव लिहिलेत, किलोचा वेगळा, लिटरचा वेगळा. वाटलं होतं लोक महाग म्हणून पळतील, उलट मोंढ्यातले आडतीवाले, जे दिवसभर वजनकाट्यातच जगतात, ते यामुळंच जोडले गेले. सुटं तेल विकू नका, त्याला मनाई आहे, पॅक करून, फूड लायसन्सचा नंबर आणि तारीख टाकून द्या. आणि पॅम्प्लेटवर 'हार्ट अटॅक येत नाही', 'गुडघेदुखी जाते' असलं काही छापलं असंल तर ते काढून टाका, ते आपल्याला सिद्ध करता येत नाही आणि कायद्यातपण बसत नाही. चव, ताजेपणा आणि डोळ्यासमोर काढून देणं, एवढंच आपल्या हातात आहे आणि मी तेवढंच बोलते.

मोबाइलचं थोडक्यात सांगते. व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे. त्याच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 नंबर बसतात, पण ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो, हे लई जणांना माहीत नसतं आणि मग मेसेज कुणी बघत नाही म्हणून रडतात. म्हणून पैसे घेतानाच म्हणायचं, ताई, नंबर सेव्ह करा ना, घाणा कधी चालू आहे ते कळंल. ब्रॉडकास्ट महिन्यात दोनदाच, सण सोडून. रोज स्टेटस मात्र टाकते, सकाळी घाण्यात काय पडलं त्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ, गाणं न लावता, घाण्याचाच आवाज. गुगल मॅपवर दुकान टाका, वेळ बरोबर लिहा, बंद असंल त्या दिवशी तिथं बंद दाखवा, रिव्ह्यू मागा पण बदल्यात तेल देऊ नका, ते गुगललापण चालत नाही. रील बनवा वाटलं तर, पण तुमची रील पुण्यात बघितली जाते आणि तेल सेलूत विकायचंय, हे ध्यानात असू द्या.

राहिला हंगाम. आपल्या भागात पैसा वर्षभर सारखा नसतो हे तुम्हाला सांगायला नको. सोयाबीन निघालं की दसरा-दिवाळीला हात मोकळा होतो, मग तूर, मग हरभरा, आणि जून-जुलै पेरणीत सगळ्यांचे खिसे रिकामे. पावसाळ्यात विक्री उतरली म्हणून घाबरून मी एकदा भाव पाडला होता, चूक होती ती, नुसतं थांबायचं होतं, त्या दिवसांत अर्धा लिटरवर येणाऱ्या घरांना अर्धा लिटरच द्यायचं. आमच्या बीड जिल्ह्यात तर दिवाळीच्या पुढं-मागं खेड्यातली बरीच घरं ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिललाच परत येतात. पहिल्या वर्षी मी त्यांची नावं तुटलेली म्हणून खोडली होती. आता वहीत त्यांच्यापुढं 'कोयता' लिहून ठेवते आणि पाडव्याच्या आसपास फोन करते. येळवसेचं, म्हणजे वेळ अमावस्येचं तसंच, आमच्याकडं लातूर शेजारी असल्यानं सगळं गाव शेतात जातं, भज्जी, उंडे, आंबील, वीस-वीस माणसांचा स्वयंपाक, म्हणून आठ दिवस आधीच तेल बाजूला काढायला विचारते. सेलूकडं ती एवढी नसंल, पण तुमच्या भागातल्या जत्रा, लग्नाच्या तिथी, पंगती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा.

उधारीचं विचारलं नाहीत तरी सांगते, तेलाची उधारी देऊ नका, दिली तर एका बाटलीच्या वर नको. उधारी थकलेलं गिऱ्हाईक तोंड चुकवतं आणि पैसे तर पैसे, माणूसपण जातो.

करडी फेब्रुवारी-मार्चला निघते, तेव्हा जमंल तेवढा वर्षाचा माल शेतकऱ्याकडूनच थेट घ्या. काटेरी पीक, कापायला मजूर मिळत नाही म्हणून पेरा कमी झालाय, पण तुम्ही नशीबवान आहात, परभणीचं कृषी विद्यापीठ तुमच्याच जिल्ह्यात आहे, 'शारदा', 'परभणी कुसुम' हे वाण तिथलेच. कोण पेरायलंय ते तिथं विचारलं तर शेतकरी सापडतील, आणि त्या शेतकऱ्यांच्याच घरी तुमचं तेल जाऊ लागंल.

हे सगळं एकदम नका करू. आज घाणा बंद केल्यावर पहिल्या दोन महिन्यांचं बिलबुक काढा आणि रोज पाच फोन, एवढंच पंधरा दिवस करा. लोक काय काय म्हणाले ते इथं कमेंटमध्ये लिहा, मी बघते. योगेश्वरीच्या दर्शनाला अंबाजोगाईला येणं झालं तर घाण्यावर या, माझी पहिली वही अजून जपून ठेवलीय, दाखवते.