मनमोकळं : सकाळची थरथर आणि फोनवरची थेरपी

प्रश्न : मॅडम, मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो, घर खानापूर तालुक्यात. सुटल्यावर थर्ड गेटपाशी मित्रांबरोबर क्वार्टर होतेच. हल्ली सकाळी हात थरथरतात, थोडी घेतली की थांबतात. फोनवरच्या थेरपीने दारू सुटते का? केंद्रात राहिलो तर गावभर होईल, आणि मनातलं मला कन्नडमधून सांगता येत नाही.

उत्तर : हाताची थरथर तुम्ही ओघात लिहिलीत, पण मला सगळ्यांत जास्त काळजी तिचीच वाटली. शरीर दारूवर अवलंबून राहायला लागलंय. म्हणून ‘उद्यापासून बंद’ असं एकदम करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास होऊन जिवावरही बेततं. आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आजारांवर उपचार करणारी सरकारी संस्था आहे. काही दिवस गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व. पूर्वी फिट आली असेल तर मात्र दाखल व्हा, गाव काय म्हणेल ते म्हणो.

त्यानंतर फोनवरच्या थेरपीचा उपयोग होतो. नुसत्या ॲपपेक्षा मागे समुपदेशक असेल तर जास्त. तो प्रवचन देत नाही, वही लिहायला लावतो. शनिवार, संध्याकाळचे सहा, पगार खिशात, सोबत कोण, आणि पहिल्या घोटाआधी मनात काय आलं? बहुतेक जण लिहितात, ‘एवढं राबलो, एवढा तर हक्क आहे.’ राबलात हे खरंच. पण त्या क्वार्टरने थकवा गेला का, झोप लागली का, हे त्याच पानावर लिहायचं. मग त्या तासाची तजवीज : पगार वहिनींच्या खात्यावर, सुटल्यासुटल्या पोटभर खाणं, थर्ड गेट टाळून घरची बस. तलफ चढते तशी बहुधा अर्ध्या तासात ओसरतेही. तेवढा वेळ काढायचा असतो. मित्रांना नकार द्यायचाही सराव होतो. ‘नको, गोळ्या चालू आहेत’ हे समुपदेशकासमोर मोठ्याने म्हणून बघा, पहिल्यांदा जीभ अडखळेल.

१४४१६ या नंबरवरची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोन सेवा मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही. तिथे बोला, पुढे कुठे जायचं तेही विचारा. मनातलं आपल्याच भाषेत सांगण्याचा आग्रह सोडू नका. फोन शेतात बसून करा हवं तर, पण वहिनींना सांगून. डॉक्टरांकडे जाताना रोज किती आणि शेवटची कधी घेतली, हे खरं सांगा. गोळ्यांचं प्रमाण त्यावरच ठरतं.